सात नंबरची पाचर

कंपनीनं काही फुकट दिलं, की सयाजीच्या मनात पाल चुकचुकायची. दिवाळीला मिठाईचा बॉक्स मिळाला तरी तो आधी त्यावरची तारीख बघायचा. एका वर्षी ती खरंच उलटून गेलेली निघाली, तेव्हापासून तर त्याला स्वतःच्या संशयी स्वभावाचा भलताच अभिमान वाटू लागला होता. त्या सोमवारी पहिल्या पाळीच्या सुरुवातीलाच प्रेस शॉपमधल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं गेलं. एचआरच्या रश्मी मॅडम हसून म्हणाल्या, "उद्यापासून रोज दहा मिनिटं शांत बसायचं. कंपनीच्या वेळेत. पगार कापला जाणार नाही." बाकीचे चौतीस जण खूश झाले आणि सयाजीनं हाताची घडी घातली.

एका पाळीत माणशी चोवीसशे पीस मोजून घेणारी कंपनी. मुतारीला पाच मिनिटं जास्त लागली तर सुपरवायझर दादासाहेब दारात येऊन उभे राहतात. ती कंपनी पस्तीस माणसांची दहा-दहा मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेसतराशे पीस, रोज सकाळी उगाच पाण्यात सोडते? सयाजीला हिशेब जमेना. ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगितलंसुद्धा.

सयाजी मूळचा बीड जिल्ह्यातला. वीस वर्षांपासून पॉवर प्रेसवर, त्यातली बारा ह्या महाळुंग्यातल्या कंपनीत. त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. अर्धं भोसरीतल्या एका जुन्या शेडमध्ये गेलं, एकोणीस वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सोमवारी. त्याचं दुःख त्यानं कधीच गिळलं होतं. जे गिळता आलं नाही ते वेगळंच होतं. दवाखान्यात हाताला गच्च बोळा बांधलेला, डोळ्यांसमोर अंधारी आलेली, आणि तेव्हाच्या मालकाचा माणूस एक छापील कागद घेऊन खाटेशी आला. नर्सबाईनं पॅड धरलं. "इथं सही करा," ती म्हणाली. सयाजीनं केली. पुढं भरपाईसाठी गेला, तेव्हा तोच कागद त्याच्यासमोर ठेवला गेला. त्यावर लिहिलं होतं, की माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मला इजा झाली असून माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

मंगळवारी सात वाजता शिकवणाऱ्या बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, केस पांढरे, निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि खुर्ची दिलेली असून जमिनीवरच मांडी घातली.

"मी कौशल्याबाई. तीस वर्षं स्टाफ नर्स होते. आता निगडीला राहते, बस टर्मिनसच्या मागच्या सोसायटीत. बुद्धांनी सांगितलेली एक साधी गोष्ट आपण रोज करणार आहोत."

मागून एकानं विचारलं, "बाई, धर्मबिर्म बदलायचं काही न्हाई ना?"

"मी बौद्ध आहे, तुम्ही नसाल. श्वास दोघांचाही नाकातूनच जातो ना? मग झालं. तुमचे देव तुमच्या घरी सुखानं राहू द्या." लोक हसले. "आणि मी सांगते म्हणून काहीही मानू नका. करून बघा. उपयोगाचं वाटलं तर ठेवा, नाही वाटलं तर सोडा."

सयाजीनं नाक मुरडलं. गावाकडं साखळी योजनेवाला एक जण यायचा, तोही हेच म्हणायचा. करून बघा, पटलं तर ठेवा. अर्ध्या गावानं करून बघितलं होतं.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "श्वास येतोय, जातोय, तेवढं बघा. आता मला सांगा, तुमचा उजवा हात कुठं आहे? डोळे उघडायचे नाहीत. आतून ओळखायचं. आता डावा हात. पहिलं बोट. दुसरं बोट."

सयाजीनं डोळे अर्धवट मिटले होते, आणि तेवढ्यातच त्याच्या नसलेल्या बोटाचं टोक खाजायला लागलं. असं अधूनमधून व्हायचं. नसलेलं बोट खाजवणार कसं? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं डोळे उघडून कँटीनभर नजर फिरवली. चौतीस माणसं देवळात बसल्यासारखी बसलेली. दाराशी दादासाहेब उभे, मोबाइलवर फोटो काढत होते. फोटो कशाला? सयाजीनं हेही मनात टिपून ठेवलं.

दहा मिनिटं संपली. रश्मी मॅडमनी एक पॅड बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते वर धरून सगळ्यांना म्हटलं, "जाताना इथं सही करा."

सयाजीनं चमकून वर बघितलं. तोच आवाज. तीच चाल, 'इथं'वर जरासं थांबण्याची. एकोणीस वर्षांत चेहरा बदलतो, केस पिकतात, पण हे तीन शब्द त्यानं झोपेतही ओळखले असते. हीच ती बाई. तेव्हा पॅड धरून उभी होती, आणि आता पुन्हा पॅड धरून उभी आहे. बुद्धाचं नाव नवीन, धंदा जुनाच.

त्यानं पॅडकडं नीट बघितलं. वर क्लिप. क्लिपखाली कागदाचा वरचा भाग मागं दुमडलेला, फक्त नावांचा आणि सह्यांचा तक्ता दिसत होता. सरळ कागद दुमडतं कोण? त्याच्या पुढं रांगेत वर्षाली होती. तिनं पेन घेतलं आणि आपल्या शाळकरी अक्षरात सही ठोकली.

वर्षाली म्हणजे सयाजीच्या बहिणीची मुलगी. वय सत्तावीस. नवऱ्यानं छळून घराबाहेर काढल्यावर बहिणीनं फोन केला होता, "दादा, पोरगी तुझ्याकडं पाठवते. काम लाव. पण तुझ्यासारखं नको रे व्हायला, हात सांभाळ तिचे." सयाजीनं शब्द दिला होता. दोन महिन्यांपूर्वी त्यानंच दादासाहेबांपुढं हातापाया पडून तिला सात नंबरच्या प्रेसवर चिकटवलं होतं, कंत्राटावर. महाळुंग्यातल्या त्याच्या दोन खोल्यांतच ती राहायची. तिची दहाही बोटं शाबूत राहावीत, एवढीच आता त्याला आयुष्याकडून अपेक्षा होती, असं म्हटलं तरी चालेल.

आता सात नंबरबद्दल सांगितलंच पाहिजे. ह्या जुन्या प्रेसना दोन बटणं असतात, डावीकडं एक, उजवीकडं एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना दोन्ही हात बाहेर. बनवणाऱ्यानं डोकं लावून बनवलंय. पण चोवीसशे पीस काढायचे तर दोन्ही हात तिकडं गुंतवून भागत नाही. एका हातानं पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्यानं बटण मारायचं, तेव्हा कुठं आकडा गाठता येतो. मग एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून लोक त्याच्या फटीत पाचर बसवतात. कुणी लाकडाची, कुणी पुठ्ठ्याची. दादासाहेब शेजारून जाताना मान दुसरीकडं फिरवतात. ऑडिटचे पाहुणे आले की सगळ्या पाचरी खिशात जातात, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत जागेवर येतात. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रीतच असते तशी.

वर्षालीनं पहिल्या दिवशी जेमतेम सोळाशे पीस काढले होते. कंत्राटी माणसाचा आकडा आठवडाभर भरला नाही, तर पुढच्या सोमवारी त्याला बोलावणं येत नाही. दुसऱ्या दिवशी सयाजीनं टायरच्या ट्यूबचा तुकडा कापला, घासून नेमका केला, आणि मायेनं सात नंबरच्या डाव्या बटणात बसवून दिला. "हे बग, अशी दाबायची," त्यानं शिकवलंही. त्या दिवशी तिचे तेवीसशे झाले. दोघांनी येताना वडापाव खाल्ला.

तर असा हा सयाजी, आता कागदाच्या मागं लागला.

त्यानं पहिल्यांदा आजूबाजूच्यांना सावध केलं. "सही करू नका रे. त्यो कागुद दुमडल्याला हाय. कामून दुमडलाय, इचारा की."

"सयाजीभाऊ, हजेरी असती ती. तुमाला झोपेत बी सापच दिसत्यात," लोक म्हणाले आणि सह्या करत राहिले.

मग त्यानं स्वतःपुरता मार्ग काढला. रोज वेगळीच सही. एक दिवस नुसती वेलांटी, एक दिवस चौकोन, तिसऱ्या दिवशी चिमणी. "हे कोण रोज चित्रं काढतं?" रश्मी मॅडमनी विचारलं, तेव्हा तो छताकडं बघत होता.

बाईंवरही त्याची नजर होती. दहा मिनिटं झाली की त्या ऑफिसात चहा प्यायच्या. चहा कशाला? एकदा त्या प्रेस शॉपच्या दारात उभ्या राहून कितीतरी वेळ मशीनकडं बघत होत्या, आणि दादासाहेबांनी त्यांना गोड बोलून माघारी नेलं. काय बघत होत्या? रोज त्या एकच विचारायच्या, हात कुठं आहे. हाताचीच एवढी चौकशी का? ज्याला खोट शोधायची असते त्याला ती सगळीकडं सापडते, आणि सयाजीला तर आता बाईंच्या नीट लावलेल्या चपलांतसुद्धा काहीतरी काळंबेरं दिसू लागलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे वर्षालीला ती दहा मिनिटं आवडायला लागली. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मामा, आज त्याचा मेसेज आला व्हता. लई घाण लिव्हलंय. एरवी मी लगेच चार शिव्या हाणल्या असत्या आन् रातभर रडले असते. आज म्हनलं थांबू, आदी बगू छातीत काय व्हायलंय. नुसतं धडधड धडधड. बगत बसले तर कमी व्हत गेलं. मग चहा पिले. मग उत्तर द्यावंच वाटंना."

"म्हंजे गप बसायला शिकवायलेत तुमाला," सयाजी म्हणाला. "आज नवऱ्याला उत्तर न्हाई, उद्या कंपनीला न्हाई."

वर्षालीनं तव्यावरची भाकरी उलटली. "गप बसले न्हाई मामा. मी वकिलाला फोन केला. रडत केला असता तर त्याला काय कळलं असतं?"

ह्यावर सयाजी पाणी आणायला उठला. हंडा भरलेलाच होता.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी त्याला संधी मिळाली. बाई भिंतीशी चपला घालत होत्या, रश्मी मॅडम फोनवर होत्या, आणि पॅड टेबलावर एकटं पडलं होतं. सयाजीनं क्लिप उचलली, दुमडलेला भाग उलगडला आणि मोबाइलनं खचकन फोटो काढला. मुतारीत जाऊन, दाराला कडी लावून त्यानं तो मोठा करून वाचला.

'मला मशीनवर सजग राहण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे. यापुढे माझे लक्ष नसल्यामुळे मला कोणतीही इजा झाल्यास त्यास मी स्वतः जबाबदार राहीन.'

खाली नावं. वर्षालीची प्रत्येक दिवसाची सही, ठसठशीत. अगदी तळाला 'प्रशिक्षक' म्हणून कौशल्याबाईंची.

सयाजीचं डोकं भणभणलं. राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या बुडाशी त्याला आनंदही झाला. मी म्हणत नव्हतो? संशय खरा निघाल्याचा आनंद फार वाईट असतो, माणसाला तो लपवताही येत नाही. त्या दिवशी त्यानं पंचवीसशे पीस मारले.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. सयाजी इस्त्रीचा शर्ट घालून निगडीला गेला. बाईंनी पहिल्याच दिवशी पत्ता सांगून ठेवला होता, तोही त्याला तेव्हा संशयास्पदच वाटला होता. तिसरा मजला, जिन्यात तुळशीची कुंडी, दार उघडंच. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. बाई गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

"या भाऊ. तुम्हीच चिमणी काढता ना?" त्या म्हणाल्या. "बसा. ही जुडी घ्या, बोलता बोलता होईल."

भांडायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी मेथी देतं का? पण दिली खरी, आणि नको म्हणायच्या आत सयाजी निवडायलाही लागला होता. मग त्याला स्वतःचाच राग आला. त्यानं जुडी खाली ठेवली आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "हे वाचा."

बाईंनी चष्मा शोधला. वाचलं. परत वाचलं. त्यांचा हात देठावरच थांबला होता.

"हा वरचा मजकूर मी बघितला नव्हता," त्या म्हणाल्या.

"खोटं." सयाजीचा आवाज चढला. "दोन हजार सहाच्या साली, श्रावणात, तुमीच पॅड धरलं व्हतं माझ्यापुढं. 'इथं सही करा' म्हणलात. मला शुद्ध न्हवती. ह्या बोटाची चूक माझीच हाय म्हणून तुमी लिहून घेतलंत. आन् आता माझ्या भाचीचं बी लिहून घ्यायलात. किती जणांचं घेतलंत, बाई?"

बाईंनी त्याच्या डाव्या हाताकडं बघितलं.

"तुम्ही मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

हे सयाजीच्या जिव्हारी लागलं. ती नाही म्हणेल, रडेल, माफी मागेल, सगळ्याची त्यानं बसमध्ये तयारी केली होती. एकोणीस वर्षं जिचा आवाज डोक्यात घेऊन हिंडलो, तिला आपण आठवतही नाही, ह्याची तयारी नव्हती.

"दिवसाला तीन-चार बोटं यायची," त्या पुढं म्हणाल्या. आवाज शांत होता, पण मेथीचं पान त्यांनी पार चुरगाळून टाकलं होतं. "कंपनीचा माणूस कागद आणायचा, मी पॅड धरायचे. वाचायची नाही. पट्टी बांधणं आपलं काम, कागद त्यांचा, असं मी मनाला सांगायचे. निवृत्त झाल्यावर विहारात बसायला लागले, तेव्हा डोळे मिटले की पॅडच दिसायचं. म्हणून तुमच्या कंपनीत येते म्हणाले. बोट तुटल्यावर पट्टी बांधण्यापेक्षा तुटायच्या आधी जावं. आणि बघा, तिथंही मी न वाचताच सही केली. तुमचं खरं आहे. मी दुसऱ्यांदा तेच केलं."

खरं की नाटक? सयाजी त्यांच्या चेहऱ्यावर खोट शोधत राहिला. सापडेना, आणि म्हणून तो आणखीच अस्वस्थ झाला.

"हितं बोलून काय उपेग?" तो म्हणाला. "उद्या पोरीचा हात गेला तर तिच्याच डोक्यावर जाईल."

"हात कशानं जाईल?"

"प्रेसमदी जाईल. कशानं म्हंजे?"

"मी दारातून बघत होते. दोन बटणं आहेत ना? हात आत कसा जाईल?"

"एक बटण दाबल्यालं असतंय. पाचर असती. चोवीसशेला दुसरा इलाज न्हाई."

"तिच्या मशीनला पाचर कुणी लावली?"

सयाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळेच लावतात, असं म्हणायचं होतं. दादासाहेबांना माहीत आहे, असं म्हणायचं होतं. पण बाईंनी 'तिच्या' असं विचारलं होतं. टायरची ट्यूब, पानपट्टीवाल्याकडून आणलेली कात्री, घासून नेमका केलेला तो तुकडा त्याच्या डोळ्यांपुढं आला. एवढा सगळीकडं वास काढत हिंडला, आणि ह्या एका ठिकाणी त्यानं नाक खुपसलंच नव्हतं.

"मी," तो म्हणाला. आणि मग, कशाला कोण जाणे, त्याला रडूच फुटलं. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

शुक्रवारी सकाळी कँटीनमध्ये सगळे बसले. कागद सगळ्यांसमोर वाचते, असं बाईंनी निघताना सांगितलं होतं, पण त्या आयत्या वेळी शब्द फिरवतील, अशी सयाजीला अजूनही शंका होती. स्वभाव काय एका रात्रीत जातो? पण बाईंनी मांडी घातली नाही. उभ्या राहूनच त्यांनी पॅड हातात घेतलं, दुमडलेला भाग उलगडला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत वाचला.

कँटीनमध्ये कुजबुज उठली. रश्मी मॅडमचा चेहरा पडला. "बाई, तो फक्त फॉरमॅट आहे, मेन ऑफिसनं पाठवलेला..."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मी तो न वाचता सही केली आणि ह्यांच्याकडूनही करून घेतली. ही माझी चूक. माझी सही मी खोडते. तुम्ही काय करायचं ते वाचून ठरवा." त्यांनी पेननं तळाची सही आडवी खोडली. "उद्यापासून मला बोलावतील असं वाटत नाही. ही शेवटची दहा मिनिटं. आज हजेरी नाही. ज्याला बसायचं त्यानं बसा."

बहुतेक जण बसले. दादासाहेबांना काय करावं कळेना, म्हणून तेही भिंतीला टेकून उभे राहिले. सयाजीनं पहिल्यांदाच डोळे पूर्ण मिटले. श्वास आला, गेला. उजवा हात मांडीवर. डावा हात मांडीवर. नसलेलं टोक नेहमीसारखं खाजलं, आणि ह्या खेपेला तो नुसता बघत बसला. खाज वाढली, टिकली, मग विरत गेली. मागं राहिली ती फक्त भीती, स्वच्छ आणि साधी. आपण बोललो तर काम जाईल. नाही बोललो तर आज पाळीत सात नंबरवर पाचर तशीच असेल.

तो उठला. कँटीनमधून प्रेस शॉपमध्ये गेला, सात नंबरच्या डाव्या बटणातून रबराचा तुकडा उपसला, परत आला आणि तो रश्मी मॅडमच्या समोर टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चार वर्षं त्या सुरक्षेचे फलक छापून घेत होत्या, आणि पाचर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

सयाजीनं सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं.

"कुणी लावलं हे?" मॅडमनी विचारलं. सगळ्या कँटीननं जमिनीकडं बघितलं. दादासाहेब सयाजीकडं रोखून बघत होते. ते महाळुंग्यातलेच, जमिनी गेल्यावर सुपरवायझर झालेले, माणूस तसा वाईट नव्हता. त्यांचे डोळे सांगत होते, गप बस गड्या, आमी बघतो.

मॅडमनी यादी ओढली. "सात नंबरवर कोण आहे?"

वर्षाली हळूहळू उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडमचं पेन तिच्या नावापाशी गेलं.

"तिनं न्हाई," सयाजी म्हणाला. "मी लावली. मीच कापली, मीच बसवली, तिला मीच शिकवलं." आणि उगाच, कुणी पुरावा मागितला नसताना, त्यानं आपला साडेचार बोटांचा हात वर केला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणं झालं. त्याला ऑफिसात नेलं. अर्ध्या तासात एक टाइप केलेला कागद आला. 'मशीनच्या सुरक्षा यंत्रणेत मी फेरफार केला असून ही माझी चूक आहे.' मॅडमनी पेन पुढं केलं. सयाजीनं कागद उचलला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं, दुमडलेला नाही ना ते बघितलं, आणि वाचायला लागला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दादासाहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर प्रेसचे आवाज सुरू झाले होते.

मग त्यानं सहीच्या वर, मोकळ्या जागेत, बाळबोध अक्षरात लिहिलं, 'पाचर मी लावली, हे खरे आहे. पाचरीशिवाय एका पाळीत चोवीसशे पीस निघत नाहीत, हे दादासाहेबांना माहीत आहे. साहेबांनी एकदा स्वतः मोजून बघावे.' त्याखाली त्यानं आपली खरी सही केली. चिमणी नाही.

"आरं, हे कशाला लिवलं?" दादासाहेब ओरडले. "मला कशाला मधी घेतू?"

"खोटं हाय का?"

दादासाहेबांनी कागदाकडं बघितलं, मग मॅडमकडं. "न्हाई," ते शेवटी म्हणाले. "खोटं न्हाई."

"वाचायला एवढा वेळ?" रश्मी मॅडम कागद घेता घेता म्हणाल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या असतील.

"मागच्या येळंला वाचला नव्हता, मॅडम."

चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसायला सांगितलं. पुढं ठेवतील का काढतील, कुणाला सांगता येत नव्हतं. सयाजीला तर मुळीच नाही, कारण कंपनीवर त्याचा विश्वास काही बसलेला नव्हता. बाई फाटकापाशी बसची वाट बघत असतील, त्यांना गाठावं, असं त्याला वाटलं. पिशवी घेऊन तो प्रेस शॉपमधून निघाला. दोघांनी आपापल्या पाचरी काढून खिशात टाकलेल्या त्याला दिसल्या. बाकीच्यांच्या जागेवरच होत्या.

सात नंबरवर वर्षाली पत्रा लावायची, हात बाहेर काढायची, दोन्ही बटणं एकदम दाबायची, मग पुढचा पत्रा घ्यायची. सोळाशेच्या वर काही तिचा आकडा जाणार नव्हता. सयाजी तिच्यासमोर थांबला. तिला डोळे पुसायचे होते, हे त्याला कळलं. पण ठोकळा खाली येत होता आणि तिचे दोन्ही हात बटणांवर होते, म्हणून तिनं नुसती मान हलवली.